‘कॅन’, ‘कुड’, ‘मे’ आणि ‘माइट’: इंग्रजीत क्षमता आणि शक्यता कशी सांगावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमात शिकून पुढे नोकरीसाठी, परीक्षांसाठी किंवा परदेशातील शिक्षणासाठी इंग्रजी लिहू-बोलू लागलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांकडून जे प्रश्न वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. यांतल्या बहुतेक चुका इंग्रजी कच्चे असल्यामुळे होत नाहीत. ‘शकणे म्हणजे कॅन’ हे समीकरण शाळेत पाठ होते आणि पुढे ते कोणी सैल करून दाखवत नाही, हे त्यांचे खरे कारण आहे. म्हणून प्रत्येक उत्तरात आधी मराठी वाक्याचा अर्थ तपासला आहे आणि मगच इंग्रजी वाक्याकडे वळलो आहोत. इंग्रजी उदाहरणे देवनागरीतच लिहिली आहेत. ती मोठ्याने वाचल्यास अधिक उपयोगी पडतील.

‘मला पोहता येते’, ‘मी पोहू शकतो’ आणि ‘मला पोहवते’ या तिन्हींसाठी इंग्रजीत एकच ‘कॅन’ कसे चालते?

चालते, कारण या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा अधिक काटेकोर आहे. ‘मला पोहता येते’ या वाक्यात शिकून अंगी आलेले कौशल्य आहे. समोर पाणी असो वा नसो, हात धड असो वा प्लास्टरमध्ये असो, हे वाक्य खरेच राहते. ‘मी आज पोहू शकतो’ असे म्हटले की वेळ आहे, तलाव उघडा आहे, कोणाची आडकाठी नाही, असा परिस्थितीचा अर्थ पुढे येतो. ‘मला आता पोहवत नाही’ या वाक्यात शरीराची किंवा मनाची ताकद पुरते की नाही, एवढाच प्रश्न असतो; अशा रूपांना मराठी व्याकरणात शक्य क्रियापदे म्हणतात. त्यामुळेच ‘मला पोहता येते, पण आज मी पोहू शकत नाही, आणि खरे सांगायचे तर आता पूर्वीसारखे पोहवतही नाही’ हे वाक्य मराठीत कोणालाही विसंगत वाटत नाही.

इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी ‘कॅन’ वापरता येते, पण मग वेगळेपणा दाखवण्याचे काम वाक्यातील इतर शब्दांवर पडते. कौशल्यच सांगायचे असेल तर ‘आय नो हाउ टू स्विम’ हे निःसंदिग्ध आहे. परिस्थिती सांगायची असेल तर ‘आय कान्ट स्विम टुडे’ यातील ‘टुडे’ तो अर्थ उचलून धरते. ताकदीचा प्रश्न असेल तर मात्र बहुधा वेगळी रचनाच शोधावी लागते. ‘मला हे पाहवत नाही’ याचे ‘आय कान्ट सी धिस’ असे भाषांतर केले तर ऐकणाऱ्याला वाटेल की तुमच्या समोर खांब आला आहे; येथे ‘आय कान्ट बेअर टू वॉच धिस’ असे म्हणावे लागते. ‘मला राहवले नाही आणि मी विचारलेच’ याला ‘आय कुडन्ट हेल्प आस्किंग’ हा चांगला प्रतिशब्द आहे.

भाषांविषयी बोलताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ‘मला कन्नड येते’ या मराठी वाक्यात दुसरे क्रियापद नाही, म्हणून काही जण ‘आय कॅन कन्नड’ असे म्हणून जातात. आजच्या इंग्रजीत ‘कॅन’नंतर क्रियापद हवेच: ‘आय कॅन स्पीक कन्नड’. जर्मन शिकणाऱ्यांना मात्र ही चूक ओळखीची वाटेल, कारण जर्मनमध्ये ‘इख कान डॉइच’, म्हणजे ‘मला जर्मन येते’, हे वाक्य आजही अगदी शुद्ध आहे.

‘ही कॅन्स’ का म्हणत नाहीत? ‘कॅन’नंतर ‘टू’ का येत नाही?

‘नियम आहे म्हणून’ एवढ्या उत्तरावर मुलांची बोळवण होते आणि नियम विसरला जातो. कारण कळले तर तो विसरला जात नाही, म्हणून थोडे मागे जाऊ.

‘कॅन’, ‘मे’ यांसारखी रूपे मुळात वर्तमानकाळाची नाहीतच. इंग्रजी, जर्मन, डच या भाषांच्या समान पूर्वज भाषेत काही क्रियापदांची जुनी पूर्णतावाचक रूपे वर्तमानाच्या अर्थाने रूढ झाली. ‘मला कळले आहे’ याचा अर्थ ‘मला ठाऊक आहे’ असाच होतो, तशी ही वाटचाल आहे. संस्कृत शिकलेल्यांना याचे घरचे उदाहरण सापडेल: विद् धातूचे ‘वेद’ हे रूप घडणीने लिट् लकाराचे, म्हणजे पूर्णभूताचे असूनही ‘तो जाणतो’ असा वर्तमानाचा अर्थ देते. जर्मनमधील ‘वाइस’ हा त्याचाच सख्खा भाऊ आहे. भूतकाळात इंग्रजी क्रियापदाला तृतीयपुरुषी ‘स’ लागत नाही. ‘ही वॉक्ड’ म्हणतो, ‘ही वॉक्ड्स’ म्हणत नाही. ‘कॅन’ची घडण भूतकाळाची असल्यामुळे त्याला तो कधी लागलाच नाही. ‘टू’चेही तसेच आहे. जुन्या इंग्रजीत मूळ क्रियापद ‘टू’शिवायच जोडले जात असे, पुढे इतर क्रियापदांमागे ‘टू’ स्थिरावले, पण या छोट्या गटाने आपली जुनी रीत सोडली नाही.

‘कॅन’चा मूळ अर्थ ‘जाणणे’ असा होता. इंग्रजी ‘नो’, संस्कृत ‘ज्ञा’ आणि आपले ‘जाणणे’ यांच्याच कुळातील हा शब्द आहे. म्हणजे ‘मला पोहता येते’ हा कौशल्याचा अर्थ ‘कॅन’चा सर्वांत जवळचा वारस ठरतो. याउलट ‘मे’चा मूळ अर्थ ‘बळ असणे’ असा होता, आणि ते बळ ‘माइट’ या नामात आजही दिसते. शतकानुशतके ‘कॅन’ने बळाचा प्रांत हळूहळू व्यापला आणि ‘मे’ शक्यता व परवानगी यांकडे सरकले. ‘कुड’च्या स्पेलिंगमधील न उच्चारले जाणारे ‘एल’ अक्षर तर मुळात तेथे नव्हतेच. ‘शुड’ आणि ‘वुड’ यांच्या पंगतीत बसवताना ते मागाहून आले. ‘शुड’ हे ‘शॅल’पासून आणि ‘वुड’ हे ‘विल’पासून आले असल्याने त्यांना ‘एल’चा हक्क होता, ‘कॅन’ला तो नव्हता.

‘आय कॅन एबल टू डू इट’ यात नेमके काय चुकते?

एकच अर्थ दोनदा येतो, आणि तोही मोडक्या रूपात. ‘एबल’ हे विशेषण आहे. त्याला ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘वॉज’, ‘बी’ यांपैकी काहीतरी लागतेच. म्हणून ‘आय कॅन डू इट’ किंवा ‘आय अ‍ॅम एबल टू डू इट’, यांपैकी एक निवडावे. वर्तमानकाळात पहिले अधिक सहज वाटते.

‘बी एबल टू’ची खरी गरज ‘कॅन’ जेथे पोहोचत नाही तेथे लागते. ‘कॅन’ला भविष्यकाळाचे रूप नाही, म्हणून ‘पुढच्या वर्षी मला गाडी चालवता येईल’ यासाठी ‘आय विल बी एबल टू ड्राइव्ह नेक्स्ट इयर’. ‘मला अजून त्यांना भेटता आलेले नाही’ यासाठी ‘आय हॅव्हन्ट बीन एबल टू मीट देम’. ‘मला कदाचित येता येईल’ यासाठी ‘आय माइट बी एबल टू कम’. येथे ‘माइट कॅन’ म्हणता येत नाही, कारण प्रमाण इंग्रजीत अशी दोन सहायक क्रियापदे शेजारी बसत नाहीत. अमेरिकेच्या दक्षिण भागातील आणि स्कॉटलंडमधील बोलींत ‘आय माइट कुड’ अशी रचना खरोखर ऐकू येते आणि त्या बोलींपुरती ती नियमबद्धही आहे, पण परीक्षेत किंवा कार्यालयीन पत्रात ती वापरू नये.

‘कुड’ हा ‘कॅन’चा भूतकाळ आहे ना? मग ‘काल मला शेवटची लोकल पकडता आली’ याचे ‘यस्टरडे आय कुड कॅच द लास्ट लोकल’ असे भाषांतर का चुकते?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण चांगले इंग्रजी लिहिणाऱ्यांकडूनही येथे चूक होते.

‘कुड’ भूतकाळातील क्षमता सांगते, घटना सांगत नाही. लहानपणी झाडावर चढता येत असे, आजोबांना मोडी वाचता यायची, पूर्वी एका दमात गड चढता यायचा, अशा दीर्घकाळ टिकलेल्या क्षमतेसाठी ‘कुड’ योग्य आहे: ‘माय ग्रँडफादर कुड रीड मोडी’. काल रात्री अमुक वाजता एकदाच घडलेली आणि यशस्वी झालेली कृती सांगायची असेल तर होकारार्थी वाक्यात ‘कुड’ चालत नाही. तेथे ‘आय वॉज एबल टू कॅच द लास्ट लोकल’ किंवा धावपळीचा अर्थ आणायचा असल्यास ‘आय मॅनेज्ड टू कॅच द लास्ट लोकल’ असे म्हणावे. आणि पकडताना विशेष कष्ट पडले नसतील तर ‘आय कॉट द लास्ट लोकल’ हे साधे वाक्य सर्वांत बरे.

‘आय कुड कॅच द लास्ट लोकल’ हे वाक्य इंग्रजी वाचकाला ‘मी शेवटची लोकल पकडेन म्हणतो’ किंवा ‘मला ती पकडता येईल’ असे भविष्याकडे पाहणारे वाटते. म्हणजे तुम्ही जे घडले म्हणून सांगता, ते त्याला अजून घडायचे आहे असे वाटते.

मराठी वाचकाला येथे एक हक्काची कसोटी उपलब्ध आहे. मराठी वाक्यात ‘येत असे’, ‘यायचे’ किंवा ‘शकत असे’ असेल तर ‘कुड’ लिहावे. ‘आले’, ‘आली’ किंवा ‘शकलो’ असेल तर ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ लिहावे. ‘मला झाडावर चढता यायचे’ आणि ‘अखेर मला झाडावर चढता आले’ या दोन वाक्यांतील फरक आपण बालपणापासून न चुकता करतो. इंग्रजीत तोच फरक वेगळ्या शब्दांनी करायचा आहे, एवढेच. इंग्रजी व्याकरणाचा नियम पाठ करण्यापेक्षा ही कसोटी मला कितीतरी अधिक भरवशाची वाटते.

हाच नियम नकारार्थी वाक्यालाही लागू आहे का?

नाही. ‘काल मला लोकल पकडता आली नाही’ यासाठी ‘आय कुडन्ट कॅच द लोकल यस्टरडे’ हे पूर्णपणे शुद्ध आहे, कारण येथे घडलेली घटना सांगायचीच नाही. ती घडली नाही, हे सांगायचे आहे. ‘हार्डली’सारख्या नकाराकडे झुकणाऱ्या शब्दांबरोबरही ‘कुड’ चालते: ‘आय कुड हार्डली स्टँड’, म्हणजे ‘मला जेमतेम उभे राहता येत होते’.

‘आय कॅन सी’, ‘आय कॅन हिअर’ यांचे मराठी ‘मी पाहू शकतो’, ‘मी ऐकू शकतो’ असेच ना?

व्याकरणाने तसे दिसते, पण मराठीत आपण असे बोलत नाही, किंवा निदान अलीकडेपर्यंत बोलत नव्हतो. ‘आय कॅन सी द सी फ्रॉम हिअर’ याचे मराठी ‘येथून समुद्र दिसतो’ असे आहे. ‘कॅन यू हिअर मी?’ याचे मराठी ‘माझा आवाज येतो आहे का?’ असे आहे. ऑनलाइन बैठकांमध्ये ‘तुम्ही मला ऐकू शकता का?’ हे वाक्य आता सर्रास कानावर पडते आणि ते ऐकून वाईट वाटते, कारण ‘दिसणे’, ‘ऐकू येणे’, ‘वास येणे’, ‘आठवणे’, ‘कळणे’ अशी नेमकी क्रियापदे आपल्याजवळ असताना ती बाजूला पडत आहेत.

इंग्रजीकडे जाताना हेच उलट करावे लागते. ‘मला धुराचा वास येत होता’ याचे ‘स्मोक्स स्मेल वॉज कमिंग टू मी’ असे नव्हे, तर ‘आय कुड स्मेल स्मोक’ असे होते. आणि येथे वरच्या नियमाला अपवाद आहे: पाहणे, ऐकणे, वास येणे, आठवणे, समजणे या क्रियापदांबरोबर एकाच प्रसंगासाठीही ‘कुड’ चालते. काल रात्री एकदाच घडलेला प्रसंग असला तरी ‘आय कुड हिअर समवन ऑन द स्टेअर्स’ हेच स्वाभाविक आहे, कारण त्यात एका क्षणी साधलेली कृती नसून काही काळ टिकलेली जाणीव असते.

‘उद्या पाऊस पडू शकतो’ याला ‘इट कॅन रेन टुमॉरो’ का म्हणू नये?

कारण ‘शकतो’ या एका शब्दात आपण दोन वेगळ्या शक्यता ठेवतो आणि इंग्रजी त्या वेगळ्या ठेवते. एक शक्यता स्वभावाची असते: एखाद्या जागेचा, वस्तूचा किंवा माणसाचा असा धर्म आहे की अमुक गोष्ट कधीकधी घडते. दुसरी शक्यता प्रसंगाची असते: या एका वेळी अमुक घडेल की नाही, याची आपल्याला खात्री नाही.

‘निफाडला थंडीत पारा पाच अंशांच्या खाली जाऊ शकतो’ हे निफाडच्या हवामानाचे वर्णन आहे. त्यासाठी ‘कॅन’ हवे. ‘उद्या निफाडला पारा पाच अंशांच्या खाली जाऊ शकतो’ हा अंदाज आहे. त्यासाठी ‘मे’, ‘माइट’ किंवा ‘कुड’ हवे. म्हणून ‘इट कॅन बी व्हेरी कोल्ड इन निफाड’, पण ‘इट मे बी व्हेरी कोल्ड इन निफाड टुमॉरो’. तसेच पावसाविषयी ‘उद्या’ म्हटले की ‘इट मे रेन’, ‘इट माइट रेन’ किंवा ‘इट कुड रेन’ म्हणावे.

कसोटी सोपी आहे. मराठी वाक्यात ‘कधीकधी’ घालून पाहावे. ‘निफाडला कधीकधी पारा पाच अंशांखाली जातो’ हे मूळ अर्थाला धरून आहे, म्हणून ‘कॅन’. ‘उद्या कधीकधी पाऊस पडतो’ हे वाक्यच उभे राहत नाही, म्हणून ‘कॅन’ नाही. तेथे ‘कदाचित’ बसते, आणि ‘कदाचित’ बसले की ‘मे’.

माणसांविषयी बोलताना हा फरक नात्यांपर्यंत पोहोचतो. सहकाऱ्याविषयी ‘ही कॅन बी रूड’ असे लिहिले तर ‘तो कधीकधी उद्धटपणे वागतो’ असे तुम्ही ठामपणे सांगितले. ‘ही मे बी रूड’ असे लिहिले तर ‘तो उद्धट असेलही, मला ठाऊक नाही’ असा अर्थ झाला. ई-मेल पाठवण्यापूर्वी यांपैकी आपल्याला काय म्हणायचे होते, हे एकदा पाहिलेले बरे.

मग ‘वी कॅन मीट टुमॉरो’ हे वाक्य कसे बरोबर? त्यातही ‘टुमॉरो’ आहे, असा उपप्रश्न येथे हमखास येतो. त्या वाक्यात अंदाज नाही. ‘उद्या भेटता येईल’ अशी सोय सांगितली आहे. भेट होईल की नाही याची शंका व्यक्त करायची असेल तर ‘वी माइट मीट टुमॉरो’ म्हणावे लागेल.

‘मे’ म्हणजे पन्नास टक्के आणि ‘माइट’ म्हणजे तीस टक्के शक्यता, असे शिकवले होते. ते खरे का?

ही टक्केवारी फळ्यावरची सोय आहे. भाषेत असे मोजमाप नाही. ‘माइट’ किंचित अधिक साशंक वाटते हे खरे असले तरी रोजच्या बोलण्यात, विशेषतः अनौपचारिक संभाषणात, दोन्ही एकमेकांच्या जागी येतात आणि ‘मे’ थोडे औपचारिक वाटते. फरक खरोखर पडतो तो दोन ठिकाणी. दुसऱ्याचे बोलणे भूतकाळात सांगताना ‘मे’चे ‘माइट’ होते: ‘शी सेड शी माइट कम’. आणि अट घातलेल्या काल्पनिक वाक्यात ‘माइट’च येते: ‘इफ यू आस्क्ड हिम, ही माइट अ‍ॅग्री’, म्हणजे ‘त्याला विचारले असते तर’ नव्हे, ‘विचारलेस तर तो कदाचित तयार होईलही’.

‘मे नॉट’ आणि ‘कान्ट’ यांत फरक काय?

मोठा फरक आहे, आणि मराठीने तो नकाराच्या जागेवरून आधीच दाखवला आहे. ‘ही बातमी खरी नसू शकेल’ आणि ‘ही बातमी खरी असू शकत नाही’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात नकार ‘असणे’ या क्रियापदाला लागला आहे: खरी नसण्याची शक्यता आहे. दुसऱ्यात नकार ‘शकणे’ला लागला आहे: खरी असण्याची शक्यताच नाही. पहिले वाक्य इंग्रजीत ‘द न्यूज मे नॉट बी ट्रू’, तर दुसरे ‘द न्यूज कान्ट बी ट्रू’ असे होते. ‘माइट नॉट’ हे ‘मे नॉट’च्या बाजूचे आहे. ‘कुड नॉट’ मात्र ‘कान्ट’च्या बाजूचे आहे, हे विसरू नये, ‘कुड’ होकारार्थी असताना ‘माइट’सारखे वागते आणि नकारार्थी होताच पक्ष बदलते.

‘तो येऊ शकणार नाही’ याचे ‘ही मे नॉट कम’ असे भाषांतर कार्यालयांत वारंवार दिसते. त्याचा अर्थ ‘तो कदाचित येणार नाही’ असा होतो आणि समोरचा माणूस त्याची वाट पाहत बसतो. खात्रीने सांगायचे असेल तर ‘ही वोन्ट बी एबल टू कम’ लिहावे.

‘तो घरी असेल’, ‘असावा’, ‘असणारच’ या छटा इंग्रजीत कशा आणाव्यात?

खिडकीत दिवा दिसतो आहे, चपला दाराबाहेर आहेत, म्हणून ‘तो घरी असणारच’: येथे ‘ही मस्ट बी अ‍ॅट होम’. ‘मस्ट’ म्हणजे नेहमी सक्तीच असे नव्हे; पुराव्यावरून काढलेला पक्का निष्कर्षही ते सांगते. सहा वाजून गेले आहेत आणि तो रोज या वेळी घरी असतो, म्हणून ‘तो आता घरी असेल’: येथे ‘ही विल बी अ‍ॅट होम नाउ’. ‘विल’ फक्त भविष्यासाठीच असते असा समज असल्याने हे वाक्य विद्यार्थ्यांना चुकीचे वाटते, पण आपले ‘असेल’ हेदेखील भविष्यकाळाचे रूप असून वर्तमानाचा अंदाजच सांगत आहे, हे दाखवले की शंका मिटते. ‘असेलही, नसेलही’ या तराजूसाठी ‘ही मे बी अ‍ॅट होम’.

‘असावा’ हे रूप जपून हाताळावे लागते. ते कर्तव्यही सांगते आणि अनुमानही. ‘विद्यार्थी नम्र असावा’ यासाठी ‘शुड’ ठीक आहे. ‘हा वाडा पेशवेकालीन असावा’ याला ‘धिस वाडा शुड बी फ्रॉम द पेशवा पीरियड’ म्हटले तर वाडा पेशवेकालीन असणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे काहीतरी ध्वनित होते. तेथे ‘इज प्रॉबब्ली फ्रॉम’ किंवा पुरावा भक्कम असेल तर ‘मस्ट बी फ्रॉम’ योग्य.

या ‘मस्ट’चा विरुद्धार्थ ब्रिटिश इंग्रजीत ‘मस्ट नॉट’ नसून ‘कान्ट’ आहे. ‘दिवा नाही, कुलूप आहे, तो घरी असणे शक्य नाही’ म्हणजे ‘ही कान्ट बी अ‍ॅट होम’. अमेरिकन बोलण्यात अशा ठिकाणी ‘मस्ट नॉट’ही ऐकू येते.

शक्यतेचा प्रश्न विचारताना ‘मे’ चालते का?

सहसा नाही. ‘तो आजारी असेल का?’ यासाठी ‘मे ही बी इल?’ असे कोणी विचारत नाही. ‘कुड ही बी इल?’ किंवा ‘डू यू थिंक ही इज इल?’ असे विचारतात. प्रश्नाच्या सुरुवातीला आलेले ‘मे’ परवानगीचे असते: ‘मे आय कम इन?’. परवानगीसाठी ‘कॅन आय’ चुकीचे आहे, असे अनेक शाळांत सांगितले जाते. आजच्या इंग्रजीत ते चुकीचे नाही, फक्त कमी औपचारिक आहे.

‘कुड हॅव’, ‘मे हॅव’ आणि ‘माइट हॅव’ यांचा गोंधळ कसा सोडवावा?

आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: काय घडले ते मला ठाऊक आहे का?

ठाऊक नसेल तर ‘मे हॅव’ किंवा ‘माइट हॅव’. ‘त्याची गाडी चुकली असेल’ म्हणजे ‘ही मे हॅव मिस्ड हिज ट्रेन’. ठाऊक असेल, आणि जे शक्य होते ते घडले नाही असे सांगायचे असेल, तर ‘कुड हॅव’. ‘तुला फोन तरी करता आला असता’ म्हणजे ‘यू कुड हॅव कॉल्ड’. यात फोन केला नाही हे उघड आहे आणि तक्रारही आहे. मराठीतील ‘असेल’ आणि ‘असता’ हा भेद येथे जवळजवळ जसाच्या तसा उपयोगी पडतो: ‘आला असेल’ तेथे ‘मे हॅव’, ‘आला असता’ तेथे ‘कुड हॅव’ किंवा ‘माइट हॅव’.

यावरून एक गंभीर चूक टाळता येते. पुरातून सुखरूप वाचलेल्या मुलाविषयी ‘ही मे हॅव ड्राउन्ड’ असे लिहिले तर तो बुडाला की काय, हे अजून कळलेले नाही असा अर्थ निघू शकतो. ‘बुडाला असता’ असे म्हणायचे आहे, म्हणून ‘ही माइट हॅव ड्राउन्ड’ किंवा ‘ही कुड हॅव ड्राउन्ड’ लिहावे. बातमी लिहिणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

‘कॅन हॅव’ अशी होकारार्थी रचना या अर्थाने वापरत नाहीत. नकारात मात्र ‘कान्ट हॅव’ आहे: ‘शी कान्ट हॅव सेड दॅट’, म्हणजे ‘ती तसे म्हणाली असणे शक्य नाही’.

‘मेबी’ आणि ‘मे बी’ वेगळे का?

‘मेबी’ हा जोडून लिहिलेला शब्द म्हणजे आपले ‘कदाचित’. तो बहुधा वाक्याच्या सुरुवातीला येतो. ‘मे बी’ हे दोन शब्द मिळून क्रियापद होते आणि ते कर्त्यानंतर येते. ‘मेबी शी इज रायट’ आणि ‘शी मे बी रायट’, दोन्ही शुद्ध; ‘मे बी शी इज रायट’ असे तोडून लिहिणे अशुद्ध. उलट ‘कॅनॉट’ हा शब्द नेहमीच्या लेखनात जोडूनच लिहितात.

मी ‘कॅन’ म्हटले तरी परदेशी सहकाऱ्यांना ‘कान्ट’ ऐकू येते. असे का होते?

कारण आपण ‘कॅन’ फार स्पष्ट उच्चारतो. मराठीत प्रत्येक शब्दाचा स्वर बहुधा पूर्ण उच्चारला जातो. इंग्रजीत होकारार्थी वाक्यातील ‘कॅन’ दबते आणि ‘कन’ किंवा नुसते ‘क्न’ असे ऐकू येते; जोर पुढच्या क्रियापदावर पडतो: ‘आय क्न डू इट’. नकारार्थी रूपावर मात्र जोर पडतो आणि त्यातील स्वर पूर्ण राहतो. ब्रिटिश उच्चार ‘कान्ट’ असा दीर्घ ‘आ’चा असल्याने गोंधळ कमी होतो, बहुतेक अमेरिकन लोक ‘कॅन्ट’ म्हणतात आणि शेवटचा ‘ट’ पुष्कळदा फुटतच नाही. त्यांच्या कानाला फरक कळतो तो ‘ट’वरून नव्हे, तर जोरावरून. म्हणून तुम्ही ‘आय कॅन डू इट’ यातील ‘कॅन’वर जोर दिला की त्यांना नकार ऐकू येण्याचा संभव असतो. होकारात ‘कॅन’ दाबून क्रियापद ठळक म्हणावे. फोनवर तारीख, पैसे किंवा औषध यांविषयी बोलणे चालू असेल तर मात्र उच्चारावर विसंबू नये. ‘येस, आय कॅन’ किंवा ‘नो, आय कॅनॉट’ असे पूर्ण म्हणावे.

तांत्रिक आणि कायदेशीर कागदपत्रांत ‘मे’ आणि ‘कॅन’ यांचे अर्थ वेगळे ठरलेले असतात का?

पुष्कळ ठिकाणी असतात, आणि सॉफ्टवेअर, औषधनिर्मिती किंवा अभियांत्रिकी क्षेत्रात काम करणाऱ्यांनी ते शिकून घ्यावेत. आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटना, म्हणजे आयएसओ, आपली मानके लिहिताना ‘मे’ हे मुभेसाठी आणि ‘कॅन’ हे शक्यता व क्षमता यांसाठी राखून ठेवते. इंटरनेटच्या तांत्रिक नियमांच्या लेखनासाठी मार्च 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी 2119’ या दस्तऐवजात ‘मे’चा अर्थ ‘ऐच्छिक’ असा निश्चित केला आहे. त्यामुळे अशा मजकुरात ‘द सर्व्हर मे रिजेक्ट द रिक्वेस्ट’ हे वाक्य ‘सर्व्हर कदाचित विनंती नाकारेल’ असे न वाचता ‘विनंती नाकारण्याची सर्व्हरला मुभा आहे’ असे वाचायचे असते. भाषांतर करताना येथे ‘शकतो’ लिहिले की ही संदिग्धता मराठीतही उतरते. ‘मुभा आहे’ किंवा ‘ऐच्छिक आहे’ असे लिहिणे योग्य. कायद्याच्या मजकुरात ‘मे’ हे साधारणपणे अधिकार देते आणि ‘शॅल’ बंधन घालते, तरी संदर्भ पाहून भारतीय न्यायालयांनी ‘मे’चाही अर्थ काही वेळा बंधनकारक असा लावला आहे, म्हणून तेथे केवळ शब्दावरून निष्कर्ष काढू नये.

औषधाच्या वेष्टनावरील ‘मे कॉज ड्राउझिनेस’ हे या सर्वांहून वेगळे आहे. तेथे औषधाला गुंगी आणण्याची परवानगी दिलेली नाही. हे औषध घेणाऱ्या तुम्हाला गुंगी येण्याचा संभव आहे, एवढे सांगितले आहे. मराठी पत्रकात तो इशारा ‘गुंगी येऊ शकते, औषध घेतल्यावर वाहन चालवू नये’ असा असावा.